दीड किलोचे बाळ आणि आईचे वय

मुंबई-हावडा लोहमार्गावर, छत्तीसगडच्या सीमेलगत, दरेकसा हे डोंगर-जंगलाने वेढलेले गाव आहे. समजा, अशा एखाद्या गावात एकाच आठवड्यात दोन स्त्रिया बाळंत झाल्या. एक सतरा वर्षांची, दुसरी सत्तावीस वर्षांची. दोन्ही बाळांचे वजन मात्र सारखेच, १४०० ग्रॅम. सांगा पाहू, कोणत्या बाळाला धोका अधिक?

बहुतेक जण म्हणतील, सतरा वर्षांच्या आईच्या बाळाला. डॉक्टर मात्र एवढ्यावरून उत्तर देणार नाहीत. ते आधी विचारतील, "बाळ किती आठवड्यांचे आहे?"

पूर्ण दिवसांचे मूल सुमारे ४० आठवडे गर्भाशयात वाढते. जन्मतः वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते कमी आणि १५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर अतिशय कमी समजतात. वजन कमी असण्याची मुख्य कारणे दोन : एक तर मूल लवकर जन्मते, नाहीतर गर्भातच त्याची वाढ खुंटते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे १४०० ग्रॅम हे वजन त्याच्या दिवसांना साजेसेच असते. पण त्याची फुप्फुसे तयार नसतात. श्वास सोडताना फुप्फुसांतील वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांना आतून एका स्निग्ध द्रव्याचा लेप लागतो. हे द्रव्य साधारण ३४-३५ व्या आठवड्यापर्यंत पुरेसे तयार होत नाही. छत्तिसाव्या आठवड्यातले १४०० ग्रॅमचे बाळ बहुधा स्वतः श्वास घेते. परंतु त्याची उपासमार गर्भातच झालेली असते. अंगात साखर आणि चरबी यांचा साठा नसल्याने ते चटकन गारठते.

मग आईच्या वयाचा संबंध कोठे येतो? मुख्यतः जन्माच्या आधी. विशीच्या आतल्या मुलीचे स्वतःचे शरीर अजून वाढत असते. आहार अपुरा असेल तर त्याच अन्नात दोघांचे वाटे पडतात. उलट, पस्तिशीनंतर रक्तदाब आणि मधुमेह यांचे प्रमाण वाढते. रक्तदाबामुळे वारेतून बाळाला होणारा रक्तपुरवठा घटतो आणि कधी कधी वेळेआधीच बाळंतपण करावे लागते. म्हणून आडव्या अक्षावर आईचे वय आणि उभ्या अक्षावर लहान बाळांचे प्रमाण घेऊन आलेख काढला, तर तो खोलगट ताटलीसारखा दिसतो : दोन्ही कडा उंच, मध्य खाली.

पण येथे एक मेख आहे. कोवळ्या वयाच्या मातेचे ते बहुधा पहिलेच बाळंतपण असते. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात हिवतापाचा उपद्रव आहे. त्याचे जंतू वारेत ठाण मांडतात आणि पहिलटकरणीला त्यांचा त्रास सर्वांत जास्त होतो. शिवाय या भागात रक्तक्षय आणि सिकलसेल हे आजारही आढळतात. तेव्हा आपण वयाच्या माथी मारतो तो दोष पहिलेपणाचा, हिवतापाचा किंवा गरिबीचाही असू शकतो! म्हणूनच शास्त्रज्ञ सारख्याची तुलना सारख्याशी करतात. तितक्याच आठवड्यांच्या, तितक्याच वजनाच्या बाळांची तुलना केली, की आईच्या वयाने पडणारा फरक बराच ओसरतो. काही पाहण्यांत तर वयाने मोठ्या मातांची अशी बाळे किंचित अधिक तगलेली आढळली आहेत.

जन्मल्यावर बाळाला तारते ती काळजी. लिगिन्स आणि हॉवी या न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखवून दिले, की वेळेआधी प्रसूत होऊ घातलेल्या आईला ठरावीक स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे बाळाला आईच्या उघड्या छातीशी बिलगून ठेवण्याची 'कांगारू' पद्धत सुरू झाली. या उबेला वीज लागत नाही!

गोंदियाच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील प्रयोग तर जगभर गाजला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाला ऊब देणे, वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे ही कामे त्या करू लागल्या. पहिल्या महिन्यातील बालमृत्यूंचे प्रमाण १९९३-९५ मध्ये हजारी ६२ होते. १९९७-९८ मध्ये ते २५.५ वर आले. एवढ्या अवधीत मातांची वये काही बदलत नाहीत. बदलली ती काळजी.

याचा अर्थ लवकर लग्न झाले तरी चालेल, असा मुळीच नाही. मुलीच्या लग्नासाठी १८ वर्षांची किमान मर्यादा १९७८ च्या दुरुस्तीने कायद्यात आली, तिला शरीरशास्त्राचाही आधार आहे. आईचे वय ही धोक्याची आगाऊ सूचना आहे. ती मिळताच आहार, तपासणी आणि औषधे यांची तरतूद करता येते. मात्र इवलेसे बाळ एकदा जन्मले, की आईचे वय मोजत बसण्यापेक्षा बाळाचे आठवडे, वजन आणि श्वास मोजावेत, हेच शहाणपणाचे.