डोंगरावरून डोंगरावर : नांगी गावाची बिनतारी वाट

घरातले वाय-फायचे यंत्र चालू ठेवून, हातात मोबाइल घेऊन तुम्ही कधी अंगणातून दूर चालत गेला आहात का? नसाल तर आजच करून पाहा. एक-दोन भिंती ओलांडल्या की पडद्यावरच्या रेघा कमी होऊ लागतात आणि शेजारच्या दोन-तीन घरांपलीकडे गेलात की जोडणी तुटते. उघड्या मैदानात ती फार तर तीन-चारशे मीटर टिकेल.

आता मी तुम्हांला सांगितले, की याच जातीच्या यंत्रांनी हिमालयातील एका खेड्याने कित्येक किलोमीटर दूरच्या शहराशी संबंध जोडला, तर तुम्ही म्हणाल, "सर, काहीतरीच सांगता!" पण ही गोष्ट खरी आहे. आणि ती समजून घ्यायला लागणारे भौतिकशास्त्र बहुतेक तुमच्या शाळेच्या पुस्तकातलेच आहे.

संगणक आले, पण वाट नव्हती

पश्चिम नेपाळातील म्याग्दी जिल्ह्यात नांगी नावाचे गाव आहे. महाबीर पुन हे याच गावचे. अमेरिकेतील नेब्रास्का येथे शिक्षण घेऊन ते १९९२ मध्ये गावी परतले आणि तेथील शाळेच्या कामाला लागले. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील विद्यार्थ्यांनी या शाळेला चार वापरलेले संगणक भेट दिले. गावात वीज नव्हती. पुन यांनी जवळच्या ओढ्यावर छोटी जलविद्युत जनित्रे बसवली. आणखी संगणक हवे होते, तर सुटे भाग आणून ते लाकडी खोक्यांत जोडले.

संगणक चालू झाले, मुले शिकू लागली. पण बाहेरच्या जगाशी जोडणारी तार कोठून आणायची? गावात दूरध्वनी नव्हता. इंटरनेटवरचा निरोप पाहायचा तर डोंगर उतरून पोखरा शहर गाठावे लागे. दऱ्याखोऱ्यांतून एवढी लांब तार टाकण्याचा खर्च मूठभर घरांसाठी कोणती कंपनी करणार? खेड्यापाड्यांत इंटरनेट उशिरा पोहोचते त्याचे मुख्य कारण हेच आहे. तारेची लांबी वाढत जाते आणि तिचा खर्च वाटून घेणारी घरे मात्र कमी असतात.

पुन यांनी आपली अडचण बीबीसीला कळवली. २००१ मध्ये ती बातमी प्रसिद्ध झाली आणि वर्षभरातच युरोप-अमेरिकेतून काही स्वयंसेवक मदतीला आले. त्यांनी प्रथम नांगी आणि शेजारचे रामचे ही गावे जोडली. त्यासाठी दूरचित्रवाणीच्या डिश अँटेना झाडांवर बांधल्या होत्या! पुढे डोंगरमाथ्यांवर मधली केंद्रे उभारून पोखऱ्यापर्यंत दुवा नेला. २००३ मध्ये नांगी गाव इंटरनेटवर आले.

शंभरपट अंतर कसे गाठले?

वाय-फायचे यंत्र साधारणपणे एक दशांश वॅट शक्तीच्या लहरी सोडते. दहा वॅटच्या दिव्याच्या हा शंभरावा हिस्सा. त्यातच या लहरी चोहोंकडे पसरतात. अंतर दुप्पट झाले की ग्राहकाला मिळणारी शक्ती चौथा हिस्सा होते, दहापट झाले की शंभरावा. हाच व्यस्त वर्गाचा नियम.

मग शक्ती वाढवायची का? अंतर शंभरपट करायचे तर शक्ती दहा हजारपट हवी, म्हणजे एक हजार वॅट. ओढ्यावरच्या जनित्रावर ते परवडणारे नव्हे, आणि कायदाही तशी परवानगी देत नाही.

येथे विजेरी आठवा. तिच्यातला बल्ब बाहेर काढून पेटवला तर जेमतेम खोली उजळते. पण तोच बल्ब अंतर्वक्र आरशापुढे ठेवला की प्रकाशाचा झोत शेताच्या पलीकडे जातो. बल्बची शक्ती तीच. फक्त इतरत्र वाया जाणारा प्रकाश एका दिशेला वळवला. डिश अँटेना हेच करते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. त्यांच्यासाठी साठ सेंटिमीटर व्यासाची डिश ठरावीक दिशेला सुमारे शंभरपट तीव्रता देते. ग्राहकाच्या बाजूलाही तशीच डिश लावली तर ती आणखी शंभरपट लहरी गोळा करते. शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा हजार. यंत्राची शक्ती जराही न वाढवता अंतर शंभरपट झाले! चारशे मीटरचे चाळीस किलोमीटर झाले.

नजरेची रेषा पुरेशी नाही

मात्र या लहरी डोंगरातून आरपार जात नाहीत. झाडांची ओली पाने तर त्यांना चांगलीच शोषतात. म्हणून दोन्ही अँटेना एकमेकींना 'दिसल्या' पाहिजेत. त्यातही दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण पृथ्वीच्या गोलाईची. अंतराचा वर्ग करून त्याला पृथ्वीच्या त्रिज्येच्या आठपटीने भागा. चाळीस किलोमीटरसाठी उत्तर सुमारे ३१ मीटर येते. म्हणजे सपाट दिसणाऱ्या जमिनीचा फुगवटाही मध्यभागी दहामजली इमारतीएवढा आडवा येतो.

दुसरी अडचण फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. लहर ही काही ताणलेली दोरी नव्हे. दोन अँटेनांमधील रेषेभोवती, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता असा एक पट्टा असतो; त्यातून लहरींची बहुतेक ऊर्जा जाते. चाळीस किलोमीटरच्या दुव्यात मध्यभागी या पट्ट्याची त्रिज्या सुमारे ३५ मीटर भरते. त्यात टेकडीचे डोके शिरले, तर समोरची अँटेना दुर्बिणीतून स्पष्ट दिसूनही संदेश क्षीण होतो. म्हणून तर मधली केंद्रे उंच माथ्यांवर हवीत. ज्या डोंगरांनी तारेची वाट अडवली, तेच बिनतारी संदेशाचे खांब झाले.

तिसरी गंमत वेळेची आहे. वाय-फायचे यंत्र संदेश पाठवल्यावर पलीकडून 'मिळाला' अशी पोच येण्याची वाट पाहते. ते घरासाठी बनवलेले असल्यामुळे फार तर काही दशके मायक्रोसेकंद थांबते. परंतु चाळीस किलोमीटर जाऊन परत यायला प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या लहरींनाही सुमारे २६७ मायक्रोसेकंद लागतात. यंत्राला वाटते, संदेश हरवला. ते तोच पुन्हा पाठवत बसते. म्हणून लांबच्या दुव्यातील यंत्रांना अधिक वेळ थांबायला 'शिकवावे' लागते.

जोडणी आली, पुढे काय?

नांगीच्या कथेतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे. त्या काळी नेपाळात माओवादी संघर्ष पेटलेला होता आणि बिनतारी साधने आणण्या-वापरण्यावर बंधने होती. तशातही काम चालू राहिले, कारण जाळे गावाचे होते. चांगला शिक्षक एकाच गावात असला, तरी जाळ्यावरून दुसऱ्या गावातील मुलांना शिकवू लागला. गावातील आरोग्यसेवक शहरातील डॉक्टरांचा सल्ला घेऊ लागले. मध, चहा, मुरंबे यांना गिऱ्हाईक शोधता येऊ लागले. जाळे पसरत जाऊन चाळीसहून अधिक गावांपर्यंत गेले. २००७ मध्ये महाबीर पुन यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्या देशात तारेचे काम शासनाने हाती घेतले आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' नाव मिळालेल्या योजनेचा हेतू सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याचा. पण ग्रामपंचायतीच्या कचेरीपासून दोन-चार किलोमीटरवरच्या पाड्याचे काय?

हाच प्रश्न मुंबईच्या आय.आय.टी.तील अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यात हाताळला. दूरचित्रवाणीसाठी राखलेला ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे बहुतांशी रिकामा असतो. उत्तर विभाग वगळता देशाच्या चार विभागांचा अभ्यास केला, तेव्हा या १२० मेगाहर्ट्झपैकी सरासरी १०० हून अधिक मोकळे आढळले. येथील लहरींची तरंगलांबी अर्ध्या मीटरहून अधिक असते. त्यामुळे झाडीतून जाताना त्या वाय-फायच्या लहरींपेक्षा कमी क्षीण होतात. नांगीला उघडे डोंगरमाथे मिळाले. पालघरच्या झाडीला निराळी लहर निवडावी लागली. जागा पाहून उपाय ठरवायचा असतो, तो असा. 'ग्राम मार्ग' नावाच्या या प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले.

परंतु तार असो वा लहर, खांबावरचे यंत्र कधीतरी बिघडणारच. विजेचा लपंडाव होतो, वादळात अँटेना चार अंश फिरते, माकडे केबल ओढतात. अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणाहून माणूस येईपर्यंत यंत्र बंद पडून राहिले, तर लोकांची सवय मोडते आणि शेवटी ते कोणालाच नकोसे होते. अँटेना पुन्हा नेमक्या दिशेला वळवणारा, यंत्राला थांबण्याची वेळ नेमून देणारा कोणीतरी गावातच असायला हवा. तो कोणी परदेशी पदवीधरच असला पाहिजे असे नाही. व्यस्त वर्गाचा नियम आणि अंतर्वक्र आरसा समजलेला दहावीचा विद्यार्थीही हे काम शिकू शकतो.

करून पाहा : भूगोलाच्या शिक्षकांकडून तुमच्या परिसराचा समोच्च रेषांचा नकाशा मिळवा. तुमची शाळा आणि सर्वांत दूरचा पाडा यांना जोडणारी रेषा काढा. त्या रेषेवरील उंची आलेख-कागदावर मांडा. दुवा दहा किलोमीटरचा असेल, तर मध्यभागी फुगवट्यासाठी सुमारे २ मीटर आणि फ्रेनेलच्या पट्ट्यासाठी सुमारे १८ मीटर जागा मोकळी सोडा. रेषा मोकळी जाते का? नसेल, तर मधले केंद्र कोणत्या टेकडीवर बसवाल? उत्तर सापडले की आलेख घेऊन एकदा त्या टेकडीवर प्रत्यक्ष चढून या. नकाशात न दिसलेले एखादे वडाचे झाड तेथे उभे असायचे!