कवळांचा हिशेब

सहा बाह्य तपांत अनशनानंतरचे दुसरे तप ऊनोदरी. अठ्ठाई किंवा मासखमण झाले की आपल्याकडे वरघोडा निघतो, सत्कार होतो. ऊनोदरी करणाऱ्याची मिरवणूक मात्र मी अद्याप पाहिलेली नाही. शास्त्रकारांनी तिचे मापच देऊन ठेवले आहे: पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवळ, स्त्रीचा २८, त्यातून एक कवळ कमी घेतला तरी ऊनोदरी घडते.

तेथे कवळ मोजला, आजचे आहारशास्त्र कॅलरी मोजते. एक ग्रॅम पिष्ट पदार्थ किंवा प्रथिन ४ कॅलरी देते, एक ग्रॅम तूप ९. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये बैठे काम करणाऱ्या पुरुषाची दैनिक गरज सुमारे २११० व स्त्रीची १६६० कॅलरी धरली आहे. गादीवर बसून व्यापार करणारा आपला समाज बहुतांशी याच वर्गातला.

निवृत्तीच्या वेळी माझे वजन ८६ किलो होते आणि रक्तातील साखर वाढू लागली होती. बँकेत आयुष्य गेल्यामुळे वही घालण्याचा कंटाळा नव्हता. ताटातले सारे प्रामाणिकपणे लिहीत असे, तरी महिनाभर काटा हलेना. दोष नोंदींत नव्हता, न नोंदलेल्या खर्चात होता. इतवारीत बंधूंच्या दुकानी बसलो की दिवसाला सहा चहा होत. कपाला दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर धरली, तर नुसत्या साखरेच्याच २४० कॅलरी. वर शेवेची मूठ वेगळी. ते 'खाणे' आहे असे मला कधी वाटलेच नव्हते! ते लिहू लागल्यावर नऊ महिन्यांत ११ किलो उतरले.

मग वही मिटली. दिवाळी ते होळी, पाच किलो परत आले. हलक्या शरीराला इंधन कमी लागते. ८६ किलोच्या माणसाचे ताट ७५ किलोच्या माणसाला जास्तच होते, हे ध्यानात आले नव्हते. आता दर रविवारी सकाळी वजन करतो आणि काटा किलोभर सरकला की वही उघडतो.

आपल्या नागपूरचेच डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला, पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर नेला. त्यात कॅलरी मोजाव्या लागत नाहीत. अनेकांना तो मानवतो, मला वही मानवली. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये.

गेल्या पर्युषणानंतर पारण्याची मिठाई आठवडाभर घरोघरी फिरली. त्या आठवड्याची पानेही वहीत आहेत. बेरीज मी सौभाग्यवतींना अजून दाखवलेली नाही.