१२ व्होल्ट, एक पाना आणि काळी टेप

कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसकारची स्पर्धा होते. आपल्याकडच्या पुण्या-मुंबईच्या कॉलेजांच्या टीम्सही तिथे जातात. ट्रॅकवर उतरण्याआधी गाडीची कसून तपासणी होते. बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल उघडं असेल तर गाडी पुढे जात नाही. यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: “१२ व्होल्टच तर आहेत, शॉकसुद्धा बसत नाही. मग एवढं काय?”

माझं संशोधन पॉलिमरच्या इन्सुलेशनवर आहे, म्हणून हा प्रश्न मला आवडतो. त्याचा पहिला भाग अगदी बरोबर आहे. कोरड्या त्वचेचा रोध काही हजार ओहम असतो. १२ व्होल्टला त्यातून जेमतेम मिलिअँपिअरच्या घरात करंट जातो, तो जाणवतही नाही. धोका माणसातून जाणाऱ्या करंटचा नाहीच. धोका लोखंडातून जाणाऱ्या करंटचा आहे.

पान्याचं गणित

गाडीच्या लेड-ॲसिड बॅटरीचा अंतर्गत रोध साधारण १० मिलिओहम, म्हणजे ओहमचा शंभरावा भाग. आता पॉझिटिव्ह टर्मिनल सोडवताना पान्याचं दुसरं टोक चॅसीला लागलं असं समजा. चॅसी निगेटिव्हला जोडलेली असते, म्हणजे सर्किट पूर्ण झालं. ओहमचा नियम लावा: १२ भागिले ०.०१ म्हणजे १२०० अँपिअर. पान्याचा आणि टेकलेल्या जागांचा रोध धरून १००० म्हणू.

पाना जिथे टेकला त्या ठिपक्याचा रोध १ मिलिओहम धरला, तर तिथे करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १००० वॅट उष्णता तयार होते. अख्ख्या इस्त्रीची उष्णता गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत! धातू वितळतो, पाना तिथेच वेल्ड होतो, आणि मग तो ओढूनही निघत नाही. बोटातली अंगठी किंवा हातातलं कडं मध्ये आलं तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून बॅटरीवर काम करताना हे सगळं आधी काढून ठेवायचं.

त्यात चार्जिंगच्या वेळी लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, आणि त्याला अगदी बारीक ठिणगीही पुरते.

टेप का चालत नाही?

इथे एक गंमत आहे. इन्सुलेशन टेपचं पीव्हीसी मिलिमीटरमागे निदान २० किलोव्होल्ट सहन करतं असं धरा. त्या हिशोबाने १२ व्होल्टसाठी ०.०००६ मिलिमीटर जाडी पुरे. टेप त्याच्या शेकडो पट जाड असते. मग ती कमी कुठे पडते?

ती विजेपुढे हरत नाही, घासण्यापुढे हरते. रेसकारमध्ये सतत कंपनं असतात. टर्मिनलच्या बोल्टला धारदार कडा असतात. इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद मऊ पडतो, तेल-पेट्रोलने तो सुटतो. दोन शर्यतींनंतर टेपचं टोक लोंबायला लागतं आणि खालचा धातू बाहेर डोकावतो. इन्सुलेशनची जाडी व्होल्टेज बघून ठरवायची नसते. झीज, उष्णता आणि धक्का बघून ठरवायची असते. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत इलेक्ट्रिक गाड्यांच्या मुख्य प्रणालीसाठी नुसत्या टेपचं इन्सुलेशन मान्यच होत नाही, ते यामुळेच.

मग करायचं काय?

टर्मिनलवर घट्ट बसणारं रबरी किंवा सिलिकॉनचं टोपण घाला. लगच्या मानेवर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट हवाच. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: कार्बन फायबर विजेचा वाहक आहे. काळं, हलकं, प्लास्टिकसारखं दिसतं म्हणून त्यावर वायर घासत ठेवू नका.

बॅटरीच मुळात पक्की बांधलेली हवी. ती अपघातात उसळून वरच्या पत्र्याला लागली, तर नुसतं टोपण किती वेळ तग धरणार?

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला फ्यूजचं संरक्षण नसतं, म्हणून तो आखूड ठेवा आणि त्यावर दुहेरी आवरण द्या. किल-स्विचचंही तसंच. निळ्या त्रिकोणातल्या लाल विजेच्या खुणेजवळचा तो स्विच मार्शलने दाबला की पुढची वायरिंग बंद होते, पण बॅटरीचं टर्मिनल मात्र जिवंतच राहतं. अपघातानंतर मदतीला धावलेल्या माणसाचा हात किंवा त्याचं हत्यार तिथेच पोचू शकतं. हे टोपण आपल्याइतकंच त्याच्यासाठीही आहे.

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना पॉझिटिव्ह आधी. निगेटिव्ह सोडवताना पाना चॅसीला लागला तरी दोन्हीकडे एकच पातळी असते, काही होत नाही. एकदा निगेटिव्ह सुटलं की पॉझिटिव्हवरच्या पान्याला चॅसीतून परतीची वाट उरत नाही.

इलेक्ट्रिक गाडीत

इथे मुख्य प्रणाली ६०० व्होल्टपर्यंत असू शकते, आणि शॉक जीवघेणा ठरतो. म्हणून ही प्रणाली चॅसीपासून पूर्ण अलग ठेवतात. तिची एकच बाजू कुठे चॅसीला लागली तर काहीच घडत नाही, आणि धोका नेमका तोच आहे. पहिला बिघाड गप्प बसतो, दुसरा घात करतो. म्हणून इन्सुलेशनवर पहारा ठेवणारं एक यंत्र बसवतात. प्रत्येक व्होल्टमागे रोध किमान ५०० ओहम हवा; ठरवलेल्या मर्यादेखाली तो गेला की यंत्र गाडी बंद करतं. त्या मर्यादेवर गळणारा करंट २ मिलिअँपिअरहून जास्त होत नाही, म्हणजे झटका जाणवेल न जाणवेल इतकाच.

१२ व्होल्टच्या बाजूला असा पहारेकरी नसतो. तिथे दर शर्यतीआधी टोपण हाताने हलवून बघायचं. सरकलं, तर नवीन घालायचं. वरून टेप गुंडाळायची नाही.