नौकेवरील इलेक्ट्रॉनीय केबलींची जोडणी

नौकेवरील रेडिओ-दूरभाष, प्रतिध्वनी खोलीमापक, रडार, उपग्रहीय स्थाननिश्चिती ग्राहक इ. उपकरणांच्या केबली परस्परांना, विद्युत् घटमालेला व अँटेनाला जोडण्याचे तंत्र. जमिनीवर वर्षानुवर्षे टिकणारा जोड समुद्रावर अल्पावधीत निकामी होऊ शकतो. नौकेवर केबलीपेक्षा तिचा जोडच बहुधा अधिक दुर्बळ असतो. म्हणून शक्य तेथे अखंड केबल वापरावी आणि जोड अटळ असल्यास तो कोरड्या, उंच व हात पोहोचेल अशा जागी करावा, हे या कामातील मूलतत्त्व होय.

जोड बिघडण्याची कारणे : समुद्राच्या १ किग्रॅ. पाण्यात सु. ३५ ग्रॅ. क्षार असतात. हे पाणी उत्तम विद्युत् संवाहक असते. ते केशाकर्षणाने तारेच्या पदरांमधून निरोधक आवरणाखाली दूरवर शिरते व तांबे काळेहिरवे पडून जोडाचा रोध वाढतो. यासाठी नौकेवर कथिलाचा मुलामा दिलेल्या अनेकपदरी तांब्याच्या तारा वापरतात. एकपदरी भरीव तार एंजिनाच्या व लाटांच्या सततच्या कंपनांमुळे तुटते, म्हणून ती वर्ज्य मानतात.

शक्तिपुरवठ्याचे जोड : तारांना पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळणे ही सर्वत्र आढळणारी, परंतु सदोष पद्धत होय. तारेच्या मापाची, मुलामा दिलेली तांब्याची नळी योग्य हत्याराने दाबून केलेला जोड अधिक विश्वसनीय असतो. त्यावर आतून चिकटद्रव्य लावलेली, उष्णतेने आकसणारी नळी बसवितात. तापविल्यावर चिकटद्रव्य वितळून दोन्ही टोके बंद होतात. डाख दिल्यास तो पदरांमध्ये पसरून तार ताठ होते आणि ताठ व लवचिक भागांच्या सीमेवर ती कंपनांनी तुटते. म्हणून अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल या संस्थेच्या (स्थापना १९५४) मानकांनुसार तारा धरून ठेवण्यासाठी केवळ डाखावर विसंबत नाहीत. शिर्क्यासारखा वास येणारे सिलिकोन लुकणही टाळतात, कारण त्यातून बाहेर पडणारे ॲसिटिक अम्ल तांबे खाते.

बिघडलेला जोड प्रवाह अल्प असताना लक्षात येत नाही. अतिउच्च कंप्रता (व्हीएचएफ) रेडिओ संदेश ऐकताना सु. ०.५ अँपिअर, तर २५ वॉट शक्तीने प्रेषण करताना ५ ते ६ अँपिअर प्रवाह घेतो. जोडाचा रोध ०.५ ओहम असल्यास ऐकताना दाब केवळ ०.२५ व्होल्टने घटतो. प्रेषणाच्या वेळी मात्र तो २.५ ते ३ व्होल्टने उतरतो. १२ व्होल्ट घटमालेवर चालणारा संच अशा वेळी बंद पडू शकतो. परिणामी इतरांचे बोलणे स्पष्ट ऐकू येत असूनही संकटाची हाक बाहेर जात नाही. यास्तव दाबाचे मापन प्रत्यक्ष प्रेषण चालू असतानाच करतात. उपरोक्त संस्थेच्या मानकांनुसार महत्त्वाच्या मंडलांतील दाबपात ३ टक्क्यांहून अधिक नसावा.

समाक्ष केबल : अँटेनाच्या केबलीत मध्यवर्ती संवाहक व त्याभोवतीचे जाळीदार वेष्टन यांमधील अंतर कायम राहणे आवश्यक असते. त्यामुळे ती साध्या तारेप्रमाणे जोडता येत नाही. दोन टोकांना ५० ओहम संरोधाचे योग्य संयोजक बसवावे लागतात. आपत्कालीन हाकेसाठी राखलेली वाहिनी १६ ही १५६·८ मेगॅहर्ट्‌झवर चालते. या कंप्रतेला आरजी–५८ प्रकारच्या बारीक केबलीच्या १५ मी. लांबीत जवळजवळ निम्मी शक्ती नष्ट होते, तर जाड आरजी–२१३ केबलीत सु. ७० टक्के शक्ती अँटेनापर्यंत पोहोचते. वेष्टनात पाणी शिरल्यास हानी आणखी वाढते. म्हणून उघड्यावरील संयोजकांवर ताणताच एकजीव होणारी रबरी पट्टी गुंडाळतात आणि केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली झुकणारा वेढा देतात, म्हणजे पाणी तेथून ठिबकून जाते.

संकेत केबली : खोलीमापकाच्या केबलीतून अत्यंत क्षीण प्रतिध्वनी-संकेत येतात. ती कापण्यापेक्षा जादा लांबी वेटोळे करून ठेवणे श्रेयस्कर असते. कापावी लागल्यास प्रत्येक तार व वेष्टन स्वतंत्रपणे जोडून जोड बंद पेटीत ठेवतात. उपकरणांमधील माहितीच्या देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एनएमईए २००० पद्धतीत मुख्य केबलीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात; पुरवठा बंद करून दोन संकेत-तारांमध्ये मोजल्यास सु. ६० ओहम रोध आढळला पाहिजे. तो १२० आढळल्यास एक रोधक अथवा जोड तुटलेला आहे, असे समजते.

तपासणी : प्रत्येक केबलीला दोन्ही टोकांशी खूणचिठ्ठी लावतात व जोडावर ताण येऊ नये म्हणून ती जवळच आधाराला बांधतात. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी नौका पावसाळी बंदीच्या काळात किनाऱ्याला लागलेल्या असतात. जोड उघडून पाहण्यास, हिरवट पडलेली टोके कापून नव्याने जोडण्यास आणि हंगामापूर्वी प्रेषणाची चाचणी घेण्यास तो काळ सोयीचा असतो.