प्रसाधनविरहित चेहरा आणि आत्मविश्वास : महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

महाविद्यालयीन जीवनाचा काळ हा व्यक्तिमत्त्वाच्या जडणघडणीचा काळ मानला जातो. याच काळात विद्यार्थिनी स्वतःच्या बुद्धीविषयी, क्षमतेविषयी आणि त्याचबरोबर स्वतःच्या रूपाविषयीही काही धारणा निश्चित करीत असते. तोंडी परीक्षा, चर्चासत्रातील निबंधवाचन, नोकरीसाठीची मुलाखत अशा प्रसंगी विषयाची तयारी उत्तम असूनही केवळ चेहऱ्यावरील मुरुमांमुळे किंवा सावळ्या वर्णामुळे मागे राहणाऱ्या विद्यार्थिनी बहुतेक प्राध्यापकांच्या पाहण्यात असतात. चेहरा ‘दुरुस्त’ केल्याशिवाय चारचौघांत जाऊ नये, ही समजूत त्यामागे असते. ही समजूत कशी निर्माण होते, तिचे शारीरिक व मानसिक परिणाम कोणते आणि ती दूर करण्यासाठी महाविद्यालय काय करू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शृंगार आणि झाकणे :

प्रसाधनाचा सरसकट निषेध करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. दिवाळीतील उटणे, लग्नातील हळद, डोळ्यांतील काजळ, केसांतील गजरा या गोष्टी आपल्या संस्कृतीत आनंदाच्या व मांगल्याच्या खुणा आहेत. कोड अथवा भाजल्याचे व्रण असणाऱ्या व्यक्तीस प्रसाधनाने दिलासा मिळत असेल, तर त्यातही गैर काही नाही. प्रश्न हेतूचा आहे. आवड म्हणून केलेला शृंगार ही व्यक्तीची निवड असते. याउलट भीतीपोटी चेहरा झाकणे ही सक्ती असते, मग ती सक्ती करणारा कोणी समोर दिसो वा न दिसो. प्रसाधनाशिवाय घराबाहेर पडता येते की नाही, या साध्या कसोटीवर हा भेद स्पष्ट होतो.

सामाजिक व व्यापारी पार्श्वभूमी :

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक विसंगतीही आहे. ज्या समाजाने सावळ्या विठ्ठलाच्या रूपावर शतकानुशतके जीव ओवाळून टाकला, तोच समाज वधूसंशोधनाच्या वेळी ‘गोरी, नाकीडोळी नीटस’ मुलगी शोधतो. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात तिच्या शिक्षणाआधी तिच्या वर्णाची चर्चा होते. ‘रंग जरा सावळा आहे, पण हुशार आहे’ या वाक्यातील ‘पण’ हा शब्द अनेक मुलींच्या मनात आयुष्यभर रुतून बसतो.

या मानसिकतेचा बाजारपेठेने पुरेपूर लाभ घेतला. टाटा उद्योगसमूहाने १९५२ मध्ये ‘लॅक्मे’ची स्थापना केली. हिंदुस्थान लिव्हर कंपनीने १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ हे उजळपणाचे क्रीम बाजारात आणले. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर विदेशी प्रसाधनांना येथील बाजार अधिक खुला झाला. १९९४ मध्ये सुश्मिता सेन व ऐश्वर्या राय यांना अनुक्रमे विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे किताब मिळाल्यानंतर सौंदर्य हे करिअरचे साधन आहे, हा विचार लहान गावांपर्यंत पोहोचला. गोरेपणा आला की नोकरी मिळते, विवाह जमतो, असे सूत्र जाहिरातींतून दीर्घकाळ मांडले गेले.

याला विरोधही झाला. चेन्नई येथील ‘विमेन ऑफ वर्थ’ या संस्थेने २००९ मध्ये सावळ्या वर्णाच्या सन्मानार्थ मोहीम सुरू केली. पुढे अभिनेत्री नंदिता दास यांनी तिला पाठिंबा दिला. वर्णावरून कोणासही हीन लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये जाहीर केली. २०२० मध्ये उपरोक्त क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द वगळून ते ‘ग्लो अँड लव्हली’ असे करण्यात आले. अर्थात, डबीवरील शब्द बदलल्याने मनातील समज आपोआप बदलत नाही.

त्वचेचे शास्त्र आणि उजळपणाची किंमत :

त्वचेचा वर्ण मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. हे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या व सावळ्या व्यक्तींमध्ये साधारणपणे सारखीच असते. फरक असतो तो रंगद्रव्याचे प्रमाण, प्रकार आणि त्वचेतील वितरण यांत. मेलॅनिन सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करते. म्हणजेच सावळा वर्ण हा दोष नसून प्रखर उन्हाच्या प्रदेशात निसर्गाने दिलेले संरक्षण आहे.

हे ध्यानात न घेता केलेल्या उपायांची किंमत मोठी असते. त्वचारोगतज्ज्ञांनी देशातील विविध केंद्रांत केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या त्वचाविकाराच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइडयुक्त मलम वापरीत असल्याचे आढळले. त्यांतील ३९२ जणांमध्ये दुष्परिणाम दिसून आले. अशा मलमाने आरंभी चेहरा उजळल्यासारखा वाटतो. परंतु कालांतराने त्वचा पातळ होते, मुरुमे वाढतात, नको तेथे केस येतात. मलम थांबविताच लाली व आग सुरू होते, म्हणून वापरणारी व्यक्ती पुन्हा त्याच मलमाकडे वळते. त्यामुळे असे मलम बंद करणेही वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावे लागते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अशा १४ स्टिरॉइड मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री करण्यास प्रतिबंध केला.

पाऱ्याचा धोका याहून गंभीर आहे. केरळमधील कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांची नोंद केली. त्यांपैकी १५ जणांमध्ये या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी उजळपणाचे क्रीम वापरल्याचे सांगितले. चेहऱ्याला लावलेला पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. म्हणूनच हा केवळ आवडीनिवडीचा विषय राहत नाही. तो आरोग्याचा विषय ठरतो.

मानसशास्त्रीय विवेचन :

मनुष्य स्वतःचे मूल्यमापन इतरांशी तुलना करून करतो, असा सिद्धान्त लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडला. पूर्वी ही तुलना शेजारच्या मुलीशी होत असे. आज ती भ्रमणध्वनीतील संस्कारित छायाचित्रांशी होते, म्हणजे जो चेहरा प्रत्यक्षात कोणाचाच नाही त्याच्याशी होते.

फ्रेडरिकसन आणि रॉबर्ट्स यांनी १९९७ मध्ये असे प्रतिपादन केले की, सतत पाहिली जाणारी स्त्री हळूहळू स्वतःकडेही पाहणाऱ्याच्या नजरेने पाहू लागते. १९९८ मधील एका प्रयोगात काही विद्यार्थिनींना पोहण्याचा पोशाख, तर काहींना स्वेटर घालावयास देऊन गणिताची चाचणी घेण्यात आली. खोलीत दुसरे कोणी नसतानाही पोहण्याचा पोशाख घातलेल्या विद्यार्थिनींची कामगिरी उणी ठरली. विद्यार्थ्यांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही. स्वतःच्या रूपाकडे लागलेले लक्ष अभ्यासाच्या लक्षातून वजा होते, हा यातील शिक्षकांसाठीचा बोध होय.

इतर दोन प्रयोग दिलासा देणारे आहेत. गिलोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठविले. खोलीतील जवळजवळ निम्म्या जणांनी ते चित्र पाहिले असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश जणांच्याच ते लक्षात आले. आपल्या गालावरचा मुरूम आपल्याला जेवढा मोठा दिसतो, तेवढा तो वर्गाला दिसत नाही. १९७७ मधील एका प्रयोगात स्त्रियांनी आपल्या छायाचित्राची आरशातल्यासारखी उलटी प्रत पसंत केली, तर त्यांच्या स्नेह्यांना मूळ छायाचित्र आवडले. याचा अर्थ असा की, छायाचित्रातील स्वतःचा चेहरा खटकतो तो कुरूप असल्यामुळेच असे नव्हे. त्या बाजूने तो पाहण्याची सवय नसते, हेही कारण असते. आणि सवय बदलता येते.

आत्मविश्वासाची वाटचाल :

नैसर्गिक रूपाविषयीचा विश्वास उपदेशाने येत नाही. तो अनुभवाने, क्रमाक्रमाने येतो. प्रथम घरात व मैत्रिणींमध्ये, नंतर वर्गात, त्यानंतर एखाद्या व्यासपीठावर प्रसाधनाविना वावरल्यास प्रत्येक वेळी एकच गोष्ट ध्यानात येते : जे अनिष्ट घडेल असे वाटत होते, ते घडले नाही. मल्याळम चित्रपट ‘प्रेमम’ (२०१५) मध्ये साई पल्लवी मुरुमे न झाकता पडद्यावर आल्या आणि प्रेक्षकांनी त्यांना आपलेसे केले. त्वचेची स्वच्छता, पुरेशी झोप, सकस आहार आणि मुरुमांसाठी आवश्यक तेव्हा वैद्यकीय उपचार यांचा या विश्वासाशी विरोध नाही. शरीराची निगा राखणे वेगळे आणि शरीराची लाज बाळगणे वेगळे.

महाविद्यालयाची भूमिका :

याबाबत महाविद्यालयाला काही गोष्टी सहज करता येतील.

१. पाहुण्यांच्या स्वागतासाठी, दीपप्रज्वलनाच्या वेळी तबक धरण्यासाठी किंवा माहितीपुस्तिकेतील छायाचित्रासाठी उजळ वर्णाच्या विद्यार्थिनी निवडण्याचा प्रघात अनेक ठिकाणी नकळत पडलेला असतो. तो जाणीवपूर्वक मोडावा.

२. वर्ण, मुरुमे, जाडी यांवरून केलेला विनोद शिक्षकाने वर्गात हसण्यावारी नेऊ नये आणि स्वतःही करू नये.

३. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, मानसशास्त्र व वाणिज्य विभागांनी क्रीमच्या वेष्टनावरील घटक, मेलॅनिनचे कार्य, देहप्रतिमा आणि जाहिरातींची भाषा या विषयांवर संयुक्त उपक्रम घ्यावा.

४. प्रसाधनावर बंदी घालण्याचा मोह टाळावा. बंदीमुळे मुलीच्या चेहऱ्यावरील संस्थेची नजर हटत नाही, उलट अधिक रोखली जाते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रसाधनाविना वावरण्याचा प्रश्न वरकरणी वैयक्तिक असला, तरी त्याची मुळे विवाहव्यवस्थेत, बाजारपेठेत आणि शिक्षणसंस्थांच्या सवयींतही आहेत. विद्यार्थिनीने काजळ घालावे की घालू नये, हे तिचे तिने ठरवावे. मात्र, ते न घालताही ती तितक्याच ठामपणे उभी राहून उत्तर देऊ शकेल, असे वातावरण वर्गात निर्माण करणे हे शिक्षकाचे काम आहे. तिचे उत्तर ऐकताना शिक्षकाचे लक्ष उत्तराकडे आहे, याची खात्री तिला पटली, तर आरशाने आजवर हिरावून घेतलेला आत्मविश्वास तिला वर्गातच परत मिळू लागेल.