तयार विमानं, रिकामं आकाश

दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सच्या कोस्टल कमांडचा एक दंडक होता: प्रत्येक स्क्वाड्रनची साधारण ७० ते ७५ टक्के विमानं कायम उड्डाणाला सज्ज हवीत. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवत होत्या, विमानं मोजकी होती. दंडक शहाणपणाचाच वाटावा.

सेसिल गॉर्डन या जनुकशास्त्रज्ञाने त्यातली मेख हेरली. युद्धापूर्वी हा माणूस फळमाश्यांवर संशोधन करायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. विमान जितकं उडेल, तितकं ते दुरुस्तीला येणार. मग तीनचतुर्थांश विमानं सज्ज दाखवायची तर हमखास उपाय कोणता? ती कमी उडवायची! कागदावर स्क्वाड्रन तंदुरुस्त, समुद्रावर मात्र टेहळणी नाही. गॉर्डनने हिशेब उलटा मांडला: खरी टंचाई मेकॅनिकच्या तासांची आहे, तेव्हा हँगर रिकामा राहता कामा नये, विमान दुरुस्त झालं की उडालंच पाहिजे. १९४२ मध्ये एका स्क्वाड्रनवर हे करून पाहिलं. विमानं तीच, माणसं तीच, उड्डाणाचे तास मात्र भरघोस वाढले.

गॉर्डन ज्या तुकडीत होता, ती ऑपरेशनल रिसर्चची, म्हणजे लष्करी कामाचा शास्त्रीय हिशेब मांडणारी तुकडी १९४१ मध्ये उभी केली पॅट्रिक ब्लॅकेट यांनी. १९१६ ची जटलंडची लढाई लढलेला हा नौसैनिक पुढे भौतिकशास्त्रज्ञ झाला, १९४८ मध्ये नोबेल मिळवलं. माणसं निवडताना त्यांनी पदवीचा विषय पाहिला नाही. तुटपुंज्या, विस्कळीत नोंदींतून अर्थ काढायची सवय पाहिली.

त्यांच्यातलेच ई. जे. विल्यम्स. पाणबुडीवर टाकायचे बॉम्ब १०० फूट खोलीवर फुटत. तेवढी खोल गेलेली पाणबुडी नेमकी कुठे आहे, हे वैमानिकाला कळणार कसं? नेम लागण्याची आशा पाण्याच्या वर किंवा नुकत्याच बुडालेल्या पाणबुडीवरच. विल्यम्स यांनी खोली २५ फुटांवर आणायला सांगितलं. नवा बॉम्ब नाही, नवं विमान नाही. फक्त खोली बदलली आणि बळी वाढले.

मला सर्वांत आवडतो तो याच तुकडीतले जीवशास्त्रज्ञ वॅडिंग्टन यांनी नोंदवलेला प्रकार. ठरावीक तासांनी तपासणी झाली, की लगेच नंतरच्या उड्डाणांत बिघाड वाढत! चांगलं चाललेलं यंत्र उगाच खोलल्याचा तो परिणाम. घरच्या मिक्सरचा अनुभव असणाऱ्याला हे पटवून द्यायला नको.

युद्धानंतर पंडित नेहरूंच्या विनंतीवरून ब्लॅकेट यांनी भारताच्या संरक्षण विज्ञानाविषयी सल्ला दिला. १९४८ मध्ये डॉ. दौलतसिंग कोठारी पहिले संरक्षण वैज्ञानिक सल्लागार झाले. वॅडिंग्टन यांनी लिहिलेला कोस्टल कमांडचा वृत्तान्त मात्र बराच काळ गोपनीय राहिला. तो पुस्तकरूपाने छापला गेला १९७३ मध्ये.