कंबर दुखते, पायात कळ येते. सायकल चालवू का?

मागच्या पावसाळ्यात दूध घालणारे एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय ४२. अंबडपासून सहा-सात किलोमीटरवर त्यांचे खेडे. रोज पहाटे सायकलच्या कॅरिअरला किटल्या अडकवून यायचे, पंधरा-वीस घरी दूध घालायचे आणि ऊन व्हायच्या आत परतायचे, असा त्यांचा अनेक वर्षांचा शिरस्ता. तीन आठवड्यांपासून उजव्या कुल्ल्यातून निघणारी कळ मांडीच्या मागून थेट पोटरीपर्यंत जात होती. गोळ्या झाल्या, इंजेक्शने झाली, तेल चोळून झाले, पायाळू माणसाची लाथही खाऊन झाली होती. खुर्चीवर एका बाजूने टेकत ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, औषध काय द्यायचं ते द्या, पण सायकल चालवू का बंद करू तेवढं एक सांगा. एकजण म्हणतो चालव, अंग मोकळं होईल. दुसरा म्हणतो, चालवलीस तर कायमचा बसशील."

त्याच आठवड्यात एक निवृत्त गुरुजी आले. वय ६८. घरापासून बाजारापर्यंत पायी निघाले की दोन्ही पाय भरून येतात, वाटेत दोनदा कुणाच्या तरी ओट्यावर बसावे लागते. मत्स्योदरी देवीच्या पायऱ्या चढताना तितका त्रास नाही, उतरताना मात्र पाय शिशासारखे जड होतात. हेच गुरुजी सायकलवर बसले की गावभर हिंडत. मुलाने एमआरआयच्या कागदावर मणक्याची झीज आणि नस दबल्याचे वाचले, सायकलला कुलूप घातले आणि किल्ली खिशात टाकली. गुरुजी माझ्याकडे पाठीची तक्रार घेऊन आले नव्हते, किल्लीची तक्रार घेऊन आले होते.

मी दूधवाल्यांना सांगितले, सध्या थांबा. गुरुजींच्या मुलाला सांगितले, किल्ली देऊन टाका. दोघांचीही कंबर आणि पाय दुखतो, दोघांचीही नस दबलेली, मग उत्तरे उलटी का, असे मला नंतर कंपाउंडरनेही विचारले. वाचकांनाही तोच प्रश्न पडेल म्हणून आज हा विषय.

आपल्या पाठीचा कणा म्हणजे एकावर एक ठेवलेले मणके. दोन मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते. बाहेरून चिवट कडे, आत मऊसर गर. गाद्यांच्या मागून मज्जातंतूंची नळी जाते आणि कमरेपाशी तिच्यातून दोन्ही बाजूंना फांद्या निघतात. त्यांतल्या काही एकत्र येऊन शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू तयार होतो. तो कुल्ल्यातून, मांडीच्या मागून पायात उतरतो. कमरेपाशी त्याच्या मुळावर दाब आला की दुखते मात्र पोटरीत किंवा पावलात. यालाच सायटिका म्हणतात. आयुर्वेदात याला गृध्रसी असे नाव आहे. गादी फाटून आतला गर मागे येतो आणि या मुळाला टोचतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली दाखवून दिले. दूधवाल्यांचे दुखणे या जातीचे.

अशी गादी पुढे वाकण्याला आणि बसण्याला वैतागते. स्वीडनमधील नॅकेमसन या शल्यचिकित्सकांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा टेकू न घेता बसल्यावर तो जास्त निघाला, आणि हातात वजन घेऊन पुढे वाकल्यावर त्याहूनही जास्त. सायकलवर टेकायला पाठ नसते, रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा सीटमधून सरळ कमरेत जातो. म्हणून ताज्या गादीच्या दुखण्यात, पायातली कळ जोरात असताना, सायकल नको. शिवाय अशा पायाने ऐनवेळी ब्रेक मारून पाय जमिनीवर टेकवता येत नाही, हेही आहेच.

गुरुजींचे दुखणे निराळे. वय वाढते तशी मज्जातंतूंची नळीच अरुंद होते. ताठ उभे राहिले, चालले, उतार उतरला की ती आणखी आवळते. पुढे वाकले की थोडी मोकळी होते. म्हणून असे रुग्ण दुकानाच्या फळीवर रेलून उभे राहतात, ऊस किंवा पेंड लादलेली ढकलगाडी आरामात ढकलतात, पण मोकळ्या हाताने शंभर पावले चालू शकत नाहीत. नळी अरुंद होण्याचे हे चित्र हॉलंडमधील व्हरबीस्ट यांनी १९५४ मध्ये नीट मांडले. पुढे १९७७ साली याच दुखण्याच्या निदानासाठी सायकलची परीक्षा वैद्यकीय नियतकालिकात आली. रुग्णाला जागच्या जागी पॅडल मारायला लावायचे. ताठ बसून पाय दुखला आणि वाकून बसल्यावर थांबला, तर नळी अरुंद आहे असे समजायचे. म्हणजे ज्या सायकलला मुलाने कुलूप घातले, तीच गुरुजींच्या दुखण्याचे निदान करणारी होती. चालणे बंद, वर सायकलही बंद, म्हणजे वर्षभरात मांड्या काड्यांसारख्या व्हायच्या.

इथे एक फसगत होते, ती सांगून ठेवतो. बिडी, सिगारेट ओढणाऱ्यांच्या आणि मधुमेह असणाऱ्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या आतून बुजत जातात. त्यांनाही चालताना पोटरीत पेटके येतात. पण ते नुसते उभे राहिले तरी दोन-चार मिनिटांत बरे वाटते, खाली बसावे लागत नाही, आणि सायकल चालवली तरी, वाकून असो की ताठ, पाय दुखतोच. अशांनी पाठीचे औषध घेत बसू नये. पायाची नाडी तपासून घ्यावी.

आता आपले दुखणे कोणत्या जातीचे, हे घरी थोडेफार ओळखता येते. एमआरआयचा कागद त्यासाठी पुरत नाही. अमेरिकेत ९८ धडधाकट माणसांचा, ज्यांची पाठ कधी तक्रार करत नव्हती अशांचा, एमआरआय काढला होता. १९९४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या एखाद्या तरी गादीला फुगवटा होता. तेव्हा कागदावर 'डिस्क बल्ज' दिसले म्हणून सायकल विकायला काढू नका. बसल्यावर बरे वाटते की उभे राहिल्यावर, खोकला-शिंक आली की पायात करंट मारतो का, हे पाहा. बसल्यावर आणि वाकल्यावर बरे वाटत असेल तर सायकल बहुधा चालेल. बसल्यावर आणि शिंकल्यावर कळ वाढत असेल तर काही दिवस तिला विश्रांती द्या.

मग पुन्हा सुरुवात कधी करायची? यासाठी मी रुग्णांना एक साधी युक्ती सांगतो. आपल्या जुन्या पद्धतीच्या सायकलला भक्कम दुहेरी स्टँड असतो. त्यावर लावली की मागचे चाक अधांतरी राहते. सायकल अंगणात भिंतीजवळ अशी लावा, कुणाला तरी हँडल धरायला सांगा आणि दहा मिनिटे सावकाश पॅडल मारा. पैसे मोजून जिममध्ये जे यंत्र मिळते तेच हे. नंतर लक्ष पॅडलकडे नको, कळ कुठे जाते तिकडे ठेवा. पोटरीतली कळ वर सरकून मांडीत, मांडीतली कुल्ल्यात, कुल्ल्यातली कमरेत आली, तर लक्षण चांगले, कंबर थोडी जास्त दुखली तरी. उलट कमरेचे दुखणे कमी झाले पण कळ पोटरीत, पावलात उतरली, तर थांबा. लोक इथेच चुकतात. कंबर हलकी झाली म्हणून खूश होतात आणि पाय बधिर होत चाललेला लक्षात येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कसे वाटते तेही पाहा. दोन-तीन दिवस ठीक गेले तरच सपाट रस्त्यावर, रिकाम्या कॅरिअरने बाहेर पडा.

स्टँडचा विषय निघाला म्हणून सांगतो. माझा अनुभव असा की कंबर पॅडल मारताना जितकी बिघडत नाही तितकी सायकल स्टँडवर ओढताना बिघडते. भरलेल्या किटल्यांसह वाकून, कमरेला पीळ देऊन, एका हिसक्यात सायकल मागे खेचायची, म्हणजे चिरलेल्या गादीला आमंत्रणच. आधी ओझे उतरवा, मग स्टँड लावा. एकाच बाजूला ओझे अडकवू नका. मागून टांग टाकून चढणेही काही दिवस नको. दांडी नसलेली सायकल मिळाली तर उत्तम. हे ऐकून पुरुष मंडळी हसतात, बायकांची सायकल म्हणतात. हसू द्यावे.

सीटची उंची फार महत्त्वाची. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपल्याकडे सीट खाली ठेवतात, त्याने पाठीला कुबड येते. काही ठिकाणी उलट, बुटक्या माणसाकडे वडिलांची चोवीस इंची सायकल असते. मग प्रत्येक पॅडलला कुल्ला डावी-उजवीकडे घसरतो आणि पाय पूर्ण ताणला गेल्याने दुखरी नसही ताणली जाते. सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवा, गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. म्हणजे चवड्याने पॅडल मारताना तो किंचित वाकलेला राहतो. खड्डा किंवा गतिरोधक आला की सीटवरून थोडे उठून वजन पायांवर घ्या. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंगावर येतात आणि डांबरावरून साइडपट्टीवर धाडकन उतरावे लागते. त्या दिवसांत दुखऱ्या पाठीने मोठ्या रस्त्याला जाऊच नये. सायकल सोडून मोटारसायकलच्या मागे बसले की प्रश्न मिटला, असेही समजू नका. मागच्या सीटवरचे हादरे काही कमी नसतात, आणि तिथे आपल्या हातात ब्रेकही नसतो.

गोळ्यांबद्दल एकच. नसेच्या दुखण्याला हल्ली प्रीगॅबलिन, गॅबापेन्टिन अशी औषधे सर्रास दिली जातात. त्यांनी झोप येते, तोल जातो. ती सुरू केल्यावर पहिले काही दिवस कसलेही वाहन नको, सायकलसुद्धा. आणि वेदनाशामक गोळी घेऊन 'आता दुखत नाही' म्हणून बाहेर पडणे म्हणजे धोक्याची घंटा कापडात गुंडाळून ठेवणे.

काही लक्षणांत मात्र सायकलचा विचारच बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, टाचांवर चालताना पंजा वर उचलला जात नाही, तर पायातली ताकद जाऊ लागली आहे. लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचाचे भान गेले, सीटला टेकणारा बैठकीचा भाग बधिर झाला, तर ही आणीबाणी आहे. लांबच्या सायकलफेरीनंतर तो भाग थोडा वेळ बधिर होतो, पण उतरल्यावर काही मिनिटांत भान परत येते. परत आले नाही, तर रात्र असली तरी जालना किंवा संभाजीनगर गाठा. शस्त्रक्रियेला उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. दुखण्याबरोबर ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल तर मणक्याच्या क्षयासाठी तपासणी हवी.

यांपैकी काही नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. बाहेर आलेला गर बहुतेकांमध्ये हळूहळू आपोआप विरतो. आम्ही शिकत होतो तेव्हा सायटिका म्हटले की तीन आठवडे फळीवर झोपवणे हा नियम होता. सुरुवातीच्या वर्षांत मीही तो पाळला. एका शिंप्याला ऐन दिवाळीच्या तोंडावर फळीवर झोपवले. पाय बरा झाला, पण त्याचा हंगाम बुडाला. त्याने कधी बोलून दाखवले नाही. पुढे १९९९ साली नेदरलँड्समधील १८३ रुग्णांचा अभ्यास वाचला. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवले होते, निम्म्यांना जमेल तसे हिंडू दिले होते. बारा आठवड्यांनी दोन्हीकडचे ८७ टक्के लोक सुधारले होते. म्हणजे माझा शिंपी मशीनवर थोडा वेळ बसत, थोडा वेळ फिरत राहिला असता तरी बरा झाला असता.

म्हणून दूधवाल्यांना झोपवले नाही. सायकल बंद, पण घरात आणि बांधापर्यंत चालणे चालू. दूध शेजाऱ्याच्या गाडीवर येत होते, त्याचे पैसे द्यावे लागले, ते त्यांना जड गेले. पाचव्या आठवड्यात अंगणात स्टँडवर पॅडल मारून पाहिले, कळ मांडीच्या वर राहिली. मग मुलीला मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी मिळालेली बिनदांडीची सायकल संध्याकाळी गल्लीत फिरवू लागले. दोन महिन्यांनी पुन्हा दूध घालायला आले. किटल्या आता दोन्ही बाजूंना सारख्या असतात आणि चढाला ते उतरून चालतात. वाकून काही उचलले की कुल्ल्यात अजून चमक येते.

गुरुजींना किल्ली मिळाली. मुलाने एक अट घातली आहे, आठवडी बाजाराच्या दिवशी सायकल बाहेर काढायची नाही. गुरुजींना ती मान्य नाही. मला आहे.